‘सरी’ म्हणजे किती सेंटिमीटर

माझ्या बायकोला पित्ताशय नाही. सहा वर्षांपूर्वी ते खड्यांसकट काढून टाकलं. तिच्या पोटावर त्याचे चार लहान व्रण आहेत, आणि निघालेले खडे तिने एका जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवले आहेत. मी मोजले आहेत, सात आहेत. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात तिच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘पित्ताशय : व्यवस्थित फुगलेले, भिंतीची जाडी सामान्य, आत खडे नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तेव्हा मी ती तीनदा वाचली. वर नाव तिचंच होतं. वय तिचंच होतं, एकोणपन्नास. खाली डॉक्टरांची सही होती, शाईची, खरीखुरी.

या गोष्टीला आता वर्ष होईल. घरात सगळे म्हणतात, झालं गेलं, सोडा आता. मी सोडलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

दुखणं डाव्या कुशीत सुरू झालं. शेवटची बरगडी संपते त्याच्या खाली, जरा मागच्या अंगाला. बायको दुखण्याचं भांडवल करणारी नाही. ती इथल्याच, बेंगळूरच्या शिवाजीनगरातली, शिंप्याच्या घरातली. तिचे पूर्वज कधी या गावात आले ते तिथल्या कुणालाच सांगता येत नाही, आणि मी पुण्याहून येऊन चोवीस वर्षं झाली तरी तिच्या माहेरी अजून ‘नवीन’ आहे. तिच्या मराठीत निम्मी कन्नड असते. त्या दिवशी ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाली, “काय नाही, सुम्ने.” सुम्ने म्हणजे उगीच, असंच. उगीच कुणी ओटा धरून उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी पोळी लाटताना मध्येच खाली बसली, तेव्हा मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. कोरमंगल्यात आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफी सेंटर मोठं आहे, मुख्य रस्त्यावर, काचेचं. आत शिरताच भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी तीन भाषांत. खाली खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक बाईच्या हातात पाण्याची बाटली. लघवीची पिशवी भरल्याशिवाय मागचं नीट दिसत नाही, म्हणून लिटरभर पाणी पिऊन थांबायचं. पाय आवळून बसलेल्या वीसेक बायका, आणि काउंटरवरून मुलगी नाव घेऊन अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारते, “ब्लॅडर फुल आयता?” झालं का भरून? आमच्या हिचं नाव घेऊन विचारलं तेव्हा ही मला म्हणाली, “अय्यो, सगळ्या बेंगळूरला कळलं माझं.”

एक फॉर्म भरायचा होता. त्यात ‘पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया’ असा रकाना होता. तो मी स्वतः भरला, ठळक इंग्रजी अक्षरांत : पित्ताशय काढलेले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मला विचारण्यात आलं की तुम्ही सांगितलं होतं का.

टोकन एकतीस. ती आत गेली तेव्हा अकरा बेचाळीस झाले होते. बाहेर आली तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस. घड्याळ पाहणं ही माझी सवय आहे, त्यात तेव्हा काही शंका नव्हती. सहा मिनिटं, त्यात पोटाला जेल लावणं आणि कागदाने पुसणं आलं. अर्ध्या तासात मोठं पाकीट हातात पडलं. आत काळी फिल्म, तिच्यावर नऊ चित्रं, आणि दोन पानांचा रिपोर्ट. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळी पाकीट उघडलं, दुसरं पान काढलं, सगळ्यात खालची ओळ वाचली आणि म्हणाले, “नॉर्मल आहे. गॅस असेल, नाहीतर स्नायू धरला असेल. या वयात होतं.” फिल्म पाकिटातून बाहेर आलीच नाही. गोळ्या लिहून दिल्या.

पुढचे चार दिवस मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. ती कुशीला हात लावायची आणि मी म्हणायचो, “अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना.” दुसऱ्या रात्री तिला झोप लागली नाही, तेव्हाही मी हेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुखणं कुशीतून खाली जांघेपर्यंत उतरलं. मी गरम पाण्याची पिशवी दिली आणि पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, “तुमचा कागद नॉर्मल आहे हो. मी नाही.”

मला वाटलं, चिडली आहे.

पाचव्या दिवशी शनिवार होता. घरातले कागद मी शनिवारी फाइलला लावतो, आणि वाचल्याशिवाय कुठलाही कागद लावत नाही. हा नियम मी चार दिवस आधी पाळला असता तर बरं झालं असतं. पंच हातात घेतला, पहिलं पान वाचायला लागलो. यकृत सामान्य. पित्ताशय व्यवस्थित फुगलेले.

मी तिला हाक मारली आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली.

“परत उगवलं की काय?” ती म्हणाली, आणि इतकी हसली की कुशीला हात धरावा लागला. “अहो, ती डबी आणा. खडे मोजा. एखादा आत गेला असेल.”

मीही हसलो. मग ती एकदम थांबली. “मग बाकीचं?” ती म्हणाली. “जे नाही ते नॉर्मल लिहिलंय. मग जे आहे ते कुणी बघितलं?”

इथे माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग अतिरेकी वाटेल. होसूर रोडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. ओतीव लोखंडाचे मोठे भाग आमच्याकडे येतात आणि आत कुठे पोकळी किंवा भेग आहे का, ते आम्ही याच ध्वनीने पाहतो. कानाला ऐकू न येणारा आवाज प्रोबमधून आत सोडायचा. मध्ये हवा राहिली तर तो आत जातच नाही, म्हणून आम्हीही आधी जेल फासतो. आवाज आत जातो, आणि जिथे पदार्थ बदलतो तिथून त्याचा काही भाग परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून किती खोल ते कळतं. पोटात तेच होतं, फक्त तिथे हजारो परतीचे आवाज जोडून चित्र बनतं. पाणी असेल तिथून काहीच परत येत नाही, म्हणून ते काळं दिसतं. खडा जवळजवळ सगळा आवाज परत फेकतो, म्हणून तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे सावली पडते. यात कुठेही अंदाज नाही. सगळं मोजमाप आहे. आमच्याकडे प्रत्येक भागाचं रीडिंग ज्याने घेतलं त्यानेच लिहायचं, आणि न घेतलेलं रीडिंग कुणी लिहिलेलं सापडलं तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाहीत. पंपाच्या झाकणासाठी आम्ही हे करतो. पंपाच्या झाकणासाठी.

मी फिल्म काढली, खिडकीच्या काचेला टेकवली आणि कामावरचं भिंग घेतलं. त्या करड्या ढगांतलं मला काही कळत नाही. पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात. डॉक्टर पडद्यावर एका टोकाला एक खूण ठेवतो, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मधलं अंतर यंत्र छापतं. उजवी किडनी : ९.९ सेंटिमीटर. रिपोर्टात ९.८. ठीक, एक मिलिमीटर. डावी किडनी : ११.७. आणि खाली आणखी एक माप, १.९, किडनीच्या मधोमध एका काळ्या डागावर घेतलेलं. रिपोर्टात डावी किडनी ९.८, उजवीइतकीच, ‘उजवी’च्या जागी ‘डावी’ एवढं सोडून तीच ओळ. दुसऱ्या मापाचा उल्लेखच नाही.

११.७ हे चांगलं की वाईट, मला ठाऊक नव्हतं. पण ते ९.८ नाही एवढं नक्की ठाऊक होतं.

“चपला घाल,” मी म्हणालो.

“स्वल्प थांबा. भाजी उतरवते.”

सेंटरवर काउंटरच्या मुलीला मी पित्ताशयाची ओळ दाखवली. एवढीच दाखवली, कारण ती समजायला सोपी होती. ती जराही दचकली नाही. “सर, वो टायपिंग मिस्टेक है. दो मिनट बैठिए.” पाकीट घेऊन आत गेली. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटांनी नवा रिपोर्ट घेऊन आली, अजून कोमट, प्रिंटरमधून निघालेला. पित्ताशयाच्या जागी आता लिहिलं होतं : ‘शस्त्रक्रियेने काढलेले.’ खाली सही. तीच, ताज्या शाईत. बाकी सगळं शब्दशः तसंच. डावी किडनी ९.८. पाच दिवस जिच्या कुशीत दुखत होतं ती बाई काउंटरला टेकून उभी होती आणि तिच्याकडे एकानेही मान वर करून पाहिलं नव्हतं.

“जुना रिपोर्ट आमच्याकडे राहील सर,” मुलगी म्हणाली.

“जुना माझ्याकडे राहील,” मी म्हणालो. “हा कुणी दुरुस्त केला?”

“सिस्टिममध्ये केला.”

“पोट न बघता?”

“सर, चेंज तर एकच लाइन होती ना.”

माझा आवाज तेव्हा चढला. चढायला नको होता, पण चढला. पाण्याच्या बाटल्या घेतलेल्या बायका बघायला लागल्या. हिने माझी बाही ओढली, “सुम्ने ओरडू नका, मी बोलते,” आणि कन्नडमध्ये, अगदी हळू आवाजात, डॉक्टरांना बाहेर बोलवायला सांगितलं. हळू आवाजात सांगितल्यामुळे असेल, ते आले.

चाळिशीतले, थकलेले, हातमोज्यावर जेल. मी फिल्म आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि दोन आकड्यांवर दोन बोटं ठेवली. त्यांनी वाकून आकडे पाहिले. मग म्हणाले, “हे मी मोजलंय.”

“दिसतंय. मग लिहिलं का नाही?”

“मी लिहीत नाही. मी सांगतो, टाइप होतं.” त्यांनी आत वळून हाक मारली.

टाइप करणाऱ्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात. त्या खोलीत कापडी पडद्याच्या अलीकडे बसतात, संगणकासमोर. पलीकडे पेशंट, डॉक्टर आणि यंत्र. त्यांना काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ही गोष्ट मला तेव्हाच कळली. त्यांच्या संगणकात एक तयार रिपोर्ट असतो, निरोगी बाईचा, सगळ्या अवयवांसकट आणि मापांसकट. डॉक्टर एकेक अवयव बघत जातात. काही वेगळं असलं तर सांगतात, बाई ती ओळ बदलतात. सगळं ठीक असलं तर डॉक्टर म्हणतात, “सरी.” म्हणजे कन्नडमध्ये ठीक, बरोबर. सरी म्हटलं की बाई ओळ तशीच ठेवतात आणि पुढच्या ओळीवर जातात.

बाईंनी फिल्म पाहिली, टोकन नंबर पाहिला. “डॉक्टर, लेफ्ट किडनीला तुम्ही सरी म्हणालात.”

“मी का म्हणेन? एवढी फुगलेली दिसतेय!”

“म्हणालात. मी काय मनाने लिहिते?”

“हो, म्हणाले,” आमची ही म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. “पण मला म्हणाले. आधी म्हणाले, उसिरु हिडकोळ्ळि, श्वास धरा. मी धरला. बराच वेळ धरायला लावला, दोनदा टिक टिक आवाज आला. मग म्हणाले, सरी. मग मी सोडला श्वास. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी अडकली होती. त्याच्यावर बोलले आणि मग खाली ब्लॅडरवर गेले.”

डॉक्टरांना आठवत नव्हतं. पण गाडीचं आठवलं, ते चेहऱ्यावर दिसलं.

“आणि पित्ताशय?” मी विचारलं.

“तिथं पण सरी म्हणाले,” ही म्हणाली. “मला कुशीवर वळायला सांगितलं होतं, मी वळले, मग सरी.”

टाइपिस्ट बाई एकदम म्हणाल्या, “मला पडद्याआडून कसं कळणार, सरी कुणाला ते? पेशंटला पण सरी, मला पण सरी. चहावाला आला तरी सरी.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला त्यांचा राग येईना. साठ-सत्तर लोकांची पोटं रोज कानाने ऐकून लिहायची. ही पद्धत त्यांनी काढलेली नव्हती.

राग होता तो सहीचा. “तुम्ही सही करताना वाचत नाही?” मी डॉक्टरांना विचारलं.

“खूप असतात सर.”

“मग निम्म्या करा.”

त्यांनी फिल्म उचलली. मग हिच्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाले, अक्का, आत या, आता बघतो. या माणसाने तिला पहिल्यांदाच थेट काही म्हटलं होतं, ‘हिडकोळ्ळि’, म्हणजे धरा, आणि ‘बिडि’, म्हणजे सोडा, एवढं वगळता.

मी आत जाणार म्हणालो. नियम नाही असं काउंटरची मुलगी म्हणाली. डॉक्टरांनीच हाताने तिला थांबवलं.

खोलीत अंधार होता, थंड होतं. ती आडवी झाली, जेल लागलं, प्रोब कुशीवर टेकला. पडद्यावर करडं काहीतरी हललं आणि मग स्थिर झालं. मला ते वाचता येत नाही असं मी वर लिहिलं, पण या वेळी मलाही दिसलं. किडनीच्या मध्ये काळं तळं होतं. काळं म्हणजे पाणी. तिथून आवाज परत येत नव्हता. लघवी पुढे जायला वाट नव्हती आणि ती मागे साचत होती, निदान पाच दिवस, बहुधा त्याआधीपासून. डॉक्टरांनी प्रोब हळूहळू खाली सरकवला, त्या तळ्यातून निघणाऱ्या नळीवरून. एका जागी पांढरा ठिपका चमकला, मागे सावली. त्यांनी दोन खुणा ठेवल्या. नऊ मिलिमीटर.

“उसिरु हिडकोळ्ळि,” ते म्हणाले. तिने श्वास धरला. त्यांनी पुन्हा किडनी मोजली. तोंड उघडलं.

“आता सरी म्हणू नका,” ती श्वास धरूनच म्हणाली.

ते थांबले. “बिडि,” म्हणाले. मग कापडी पडद्याकडे तोंड करून मोठ्याने, इंग्रजीत : “डावी किडनी अकरा पॉइंट आठ. आतलं दोन पॉइंट एक. लिहिलं?”

“लिहिलं,” पडद्यापलीकडून आवाज आला.

पाच दिवसांत १.९ चं २.१ झालं होतं. खुणा ठेवण्यात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, हे मला माहीत आहे, म्हणून या फरकावर मी काही रचत नाही. पण ते कमी झालं नव्हतं, आणि त्यासाठी मी तिला गरम पाण्याची पिशवी देत होतो.

नवा रिपोर्ट मी घेतला, त्यावर ‘आधीचा रिपोर्ट चुकीचा होता’ असं लिहून घेतल्याशिवाय उठलो नाही. ते ‘सुधारित’ लिहायला तयार होते. सुधारित म्हणजे काहीही होऊ शकतं. अर्धा तास लागला. टाइपिस्ट बाईंनीच शेवटी ते वाक्य टाइप केलं, आणि डॉक्टरांनी, मी पाहिलं, दोन्ही पानं वाचून सही केली.

त्याच संध्याकाळी तिला दाखल केलं. लघवीला वाट करून द्यायला आधी एक नळी घातली, मग काही दिवसांनी खडा लेझरने फोडून काढला. तिथले मूत्ररोगाचे डॉक्टर भले होते. म्हणाले, असं साचत राहिलं तर किडनी हळूहळू निकामी होते, दुखणं मात्र मध्येच थांबतं, आणि लोकांना वाटतं बरं झालं. मग हसून म्हणाले, “वेळेवर आणलंत.” आम्ही वेळेवर पाच दिवस आधी आणलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

घरी आल्यावर मी सेंटरला पत्र लिहिलं, रजिस्टर्ड. त्यात आरडाओरडा केला नाही. एकच मागणी केली : त्या दिवशीच्या सगळ्या फिल्म आणि सगळे रिपोर्ट एकदा शेजारी ठेवून आकडे जुळवा. आमचं टोकन एकतीस होतं, आम्ही निघालो तेव्हा अडतीस पुकारलं होतं. म्हणजे दुपारपर्यंतच सदतीस पोटं. प्रत्येक पोटात पाच-सहा अवयव, आणि प्रत्येक अवयवाला एक सरी, जी कुणालाही असू शकते. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी स्वतः येऊन मदत करायला तयार आहे, असंही लिहिलं. उत्तरात ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं आलं. आणि दोन दिवसांनी हिच्या फोनवर मेसेज, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?

“द्या की पाच,” ती म्हणाली. “पित्ताशय परत दिलं त्यांनी.”

मला हसू आलं नाही. तिला येतं. किडनी तिची आणि हसतेही तीच, यावर मी काय बोलणार. पण माझ्या डोक्यातून ते सदतीस जात नाहीत. त्यातल्या कुणाच्या तरी घरी कुणीतरी म्हणत असेल, अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना.

सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची होती. मी बेळ्ळंदूरच्या बाजूला दुसरं सेंटर शोधून ठेवलं होतं. ती म्हणाली, “बेडा, नको. मला त्याच खोलीत जायचंय.” मोजमापाच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं, तुलना करायची तर यंत्र तेच हवं. पण ती त्यासाठी म्हणत नव्हती.

गेलो. तीच पाटी, त्याच बाटल्या. दाराच्या फटीतून मला तोच पडदा दिसला, त्याच जागी. फॉर्म मी पुन्हा ठळक अक्षरांत भरला. हिच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, नाकात दोन बाजूंना चमक्या, मांडीवर बाटली. एकटीच आलेली. दोघींचं कन्नडमध्ये सुरू झालं. कुठे दुखतं, किती दिवस, पाणी किती प्यायलात. मग ही पुढे झुकली आणि म्हणाली, ते मला समजलं, कारण तेवढं कन्नड मला येतं : “अक्का, आत ते सरी म्हणतील. म्हटलं की विचारायचं, एष्टु?”

एष्टु म्हणजे किती.

म्हातारीने विचारलं, मला आकडा सांगून काय कळणार?

“तुम्हाला कळायला नको,” ही म्हणाली. “पलीकडे बसलेल्या बाईला ऐकू जायला हवं.”

हिचा नंबर आधी लागला. मीही आत गेलो, या वेळी कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं. प्रत्येक अवयवाचं नाव आणि माप मोठ्याने बोलले, पित्ताशयाच्या जागी “नाही, काढलंय,” असंही. डावी किडनी दहा पॉइंट दोन. मधलं काळं तळं गेलं होतं.  तिने फक्त जेल पुसायच्या कागदाने डोळे पुसले आणि म्हणाली, “अय्यो, चिकट.”

बाहेर येऊन पाकिटासाठी थांबलो. म्हातारी आत गेली. ते सगळं मापन आमच्यापुरतंच होतं की काय, असं माझ्या मनात होतं, आणि मी घड्याळ पाहत होतो. दार नीट लागलेलं नव्हतं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, सवयीचा, घाईचा : “सरी.”

 मग म्हातारीचा आवाज, पडद्यापलीकडे जाईल इतका खणखणीत :

“एष्टु?”